अजाइल टीममध्ये बीएने नेमकं करायचं काय?

प्रश्न : मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए) आहे, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते समजून घेऊन टीमला सांगते. आमचा क्लायंट एक नागरी सहकारी बँक आहे आणि तिच्या सोनेतारण कर्जाचं मॉड्यूल आम्ही नव्याने करतोय. पूर्वी मी दोन-तीन महिने बँकेत बसून बीआरडी, म्हणजे सगळ्या गरजांचं सविस्तर डॉक्युमेंट, लिहायचे, त्यावर सह्या व्हायच्या आणि मग डेव्हलपमेंट सुरू व्हायची. हा प्रोजेक्ट अजाइलमध्ये घेतला, म्हणजे स्क्रम नावाच्या पद्धतीने छोट्या छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) करायचा ठरला. मॅनेजर म्हणाले, 'आता डॉक्युमेंट लिहीत बसायचं नाही, जिरामध्ये स्टोरी टाकायची.' म्हणून जिरा या कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकेका ओळीच्या स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवंय ते सांगणाऱ्या नोंदी, टाकते. स्प्रिंट सुरू झाली की डेव्हलपरचे प्रश्न येतात. बँकेच्या कर्ज विभागाचे एक वरिष्ठ साहेब आमचे प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारे, आहेत, पण ते पंधरा दिवसांनी डेमोलाच भेटतात. मग डेव्हलपर त्याला वाटेल तसं करून मोकळा होतो. मागच्या डेमोत ३ लाखांच्या सोन्यावर स्क्रीनने २ लाख ४० हजार इतकी पात्र रक्कम (मिळू शकणारं कर्ज) दाखवली. साहेब म्हणाले, 'हे चूक आहे. आमच्या शाखेतला नवा मुलगासुद्धा अडीच लाख सांगेल.' रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत, सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती. म्हणजे चूक माझी. वर एका ज्युनिअरने ऐकवलं की स्क्रममध्ये बीए हे पदच नाही. त्या रात्री झोप लागली नाही. मी पुन्हा बीआरडीचा आग्रह धरू, की स्क्रम मास्टरचा, म्हणजे टीमला ही पद्धत नीट पाळायला मदत करणाऱ्याचा, कोर्स करून या कामातून बाजूला होऊ?
— नाव छापू नये, पुणे

उत्तर : नमस्कार. तुमच्या दोन्ही पर्यायांना माझं उत्तर 'आत्ता नको' असं आहे. बीआरडी परत आणून ही अडचण सुटणार नाही आणि स्क्रम मास्टर झालात तरी हाच गोंधळ दुसऱ्या खुर्चीवरून बघावा लागेल. तुमच्या टीममधून एक काम कुणाच्या लक्षात न येता गळून पडलंय. ते उचलून पुन्हा रुळावर आणायला तुमच्याइतकं तयार माणूस त्या टीममध्ये दुसरं नाही, कारण बँकेचा व्यवहार तुम्ही आत बसून बघितलाय. ते काम कोणतं, हे पुढे सविस्तर सांगते.

आधी त्या ज्युनिअरचं. स्क्रम गाइडच्या, म्हणजे या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेच्या, २०२०च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर एवढ्या तीनच जबाबदाऱ्या आहेत, हे खरं. पण त्याच गाइडमध्ये असंही आहे की संबंधित लोकांबरोबर काम करणं, पडताळणी, देखभाल, संशोधन हे सगळं टीमनेच करायचं. म्हणजे विश्लेषण टीमच्या पदरात आहेच, ते कोणत्या हुद्द्याच्या माणसाने करावं एवढंच सांगितलेलं नाही. त्याच्या बोलण्याने खचू नका. हुद्द्याची चर्चा एचआरशी होते, स्प्रिंटमध्ये नाही.

मॅनेजरचं म्हणणं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण त्यावर तुमचा सगळा प्रोजेक्ट उभा आहे. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, असं त्यात आहे. कागदपत्रांनाही मोल आहे, हेसुद्धा त्याच पानावर आहे. आणि सोबतच्या १२ तत्त्वांमध्ये एक असं आहे की व्यवसायाची बाजू सांभाळणारे लोक आणि डेव्हलपर यांनी प्रोजेक्ट संपेपर्यंत रोज एकत्र काम करायचं. कागद कमी करण्याची मुभा या रोजच्या बोलण्याच्या भरवशावर दिलेली आहे. तुमच्याकडे मुभा घेतली आणि भरवसा सोडला. साहेब पंधरा दिवसांनी भेटणार आणि कागदही नाही, अशा स्थितीत डेव्हलपरने अंदाज बांधला तर दोष त्याचाही नाही. जाहीरनामा अगदी छोटा आहे. मॅनेजरबरोबर बसून तो एकदा वाचा. वाद घालू नका, फक्त विचारा, 'रोज बोलायला आपल्याकडे बँकेचं कोण आहे?'

आता तुमच्या एका ओळीच्या स्टोरीकडे येऊ. 'शाखा अधिकारी म्हणून मला ग्राहकाची सोनेतारण पात्र रक्कम दिसावी', अशी काहीतरी ती असणार. या ओळीत वाईट काही नाही. स्टोरी छोटीच असावी लागते. जाहीरनामा लिहिणाऱ्यांपैकीच एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१मध्येच सांगून ठेवलंय की स्टोरीचे तीन भाग असतात : कार्ड, त्यावरचं बोलणं आणि काम झालं की नाही हे ठरवणारी खूण. तुमच्या टीमने कार्ड ठेवलं आणि बाकीचे दोन भाग कुणाचेच राहिले नाहीत. गळून पडलेलं काम हेच. बोलणं घडवून आणायचं आणि त्यातून निघालेलं कोड लिहायच्या आधी नियम आणि उदाहरणांच्या रूपात पक्कं करायचं, हे अजाइल प्रोजेक्टमधल्या बीएचं मुख्य काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

तुमचंच डेमोतलं उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जासाठी नवे निर्देश काढले. त्यांनुसार उपभोगासाठी घेतलेलं कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत देता येतं, अडीच लाखांच्या वर ५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ५ लाखांच्या वर ७५ टक्के. तुमच्या डेव्हलपरने बहुधा असं केलं : ३ लाखांचे ८५ टक्के म्हणजे २ लाख ५५ हजार. ही रक्कम अडीच लाखांच्या वर गेली, म्हणून पुढचा टप्पा लावला. ३ लाखांचे ८० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. त्याने तक्ता वाचला आणि तक्त्याप्रमाणे कोड लिहिलं. पण अडीच लाखांचं कर्ज पहिल्याच टप्प्यात बसतं आणि ३ लाखांच्या सोन्यावर त्याचं प्रमाण ८३ टक्क्यांच्या थोडं वर येतं, म्हणजे ८५च्या आतच. ग्राहकाला अडीच लाख मिळू शकतात. सोन्याची किंमत २ लाख ९४ हजारांच्या पुढे गेली की ३ लाख १२ हजार ५०० होईपर्यंत उत्तर अडीच लाखच राहतं. ५ लाखांच्या उंबरठ्यावरही तेच होतं. सव्वासहा लाखांपासून साधारण ६ लाख ६६ हजारांपर्यंतच्या सोन्याला ५ लाखच. साहेबांना हे तोंडपाठ होतं, पण त्यांना कुणी आधी विचारलं नव्हतं.

आता स्वतःला विचारून बघा, बीआरडी असती तर हे सापडलं असतं का? मला वाटत नाही. बीआरडीत रिझर्व्ह बँकेचा तक्ता जसाच्या तसा आला असता, त्यावर सह्या झाल्या असत्या आणि हीच चूक काही महिन्यांनी यूएटीमध्ये, म्हणजे बँकेने शेवटी करायच्या चाचणीत, उघडी पडली असती. तक्ता सगळ्यांनाच समजल्यासारखा वाटतो. '३ लाखांचं सोनं आणलं तर किती?' असा आकडा समोर ठेवला की मगच दोन माणसांच्या डोक्यात दोन वेगळी उत्तरं आहेत हे कळतं. म्हणून नियमाबरोबर उदाहरण हवंच, आणि ते मुद्दाम उंबरठ्यावरचं निवडायचं. २ लाखांच्या सोन्याचं उदाहरण घेतलं असतंत तर दोन्ही पद्धतींनी १ लाख ७० हजारच आले असते आणि सगळ्यांनी मान डोलावली असती.

हे करण्याची एक साधी पद्धत आहे, तिला एक्झाम्पल मॅपिंग म्हणतात. मॅट विन यांनी ती मांडली. तुम्ही, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर, तिघांनी एका स्टोरीसाठी साधारण २५ मिनिटं बसायचं. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर एकेक नियम, प्रत्येक नियमाखाली हिरव्या कार्डांवर उदाहरणं आणि कुणालाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न लाल कार्डावर. या एका स्टोरीत किती निळी कार्डं निघतात बघा. टप्प्यांचा नियम झाला. भावाचा नियम वेगळा आहे : त्या शुद्धतेच्या सोन्याचा मागच्या ३० दिवसांचा सरासरी बंद भाव आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला जो कमी असेल तो. दागिन्यातले खडे मोजायचे नाहीत, हा तिसरा. मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम फेडायचं असेल, म्हणजे बुलेट कर्ज असेल, तर मुदतीअखेरची एकूण परतफेड मर्यादेत बसली पाहिजे, हा चौथा. त्याखालचं हिरवं कार्ड असं : सोनं २ लाख ८० हजारांचं, ८५ टक्के म्हणजे २ लाख ३८ हजार. व्याजदर १० टक्के आणि मुदत एक वर्ष धरली तर मुद्दल साधारण २ लाख १६ हजारच देता येईल. हा फरक स्क्रीनवर दिसला नाही, तर शाखेतला माणूस ग्राहकाला एक आकडा सांगेल आणि मंजुरीत दुसराच निघेल.

लाल कार्डं तर सोन्याहून मोलाची. टप्पा कर्जदाराच्या एकूण कर्जावर ठरतो, मग ग्राहकाचं आधीचं १ लाखाचं सोनेतारण कर्ज दुसऱ्या शाखेत चालू असेल तर ते सिस्टीमला कुठून कळणार? बँकेने स्वतःच्या धोरणात ८५ऐवजी कमी टक्के ठरवलेत का? उत्पन्नासाठी घेतलेल्या कर्जाला ही टक्केवारी लागू नाही, मग कर्जाचा हेतू कोण नोंदवतं आणि कशाच्या आधारावर? यांची उत्तरं तुम्ही देऊ नका, डेव्हलपरलाही देऊ देऊ नका. लाल कार्डं दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर ती स्टोरी या स्प्रिंटमध्ये घ्यायचीच नाही. हे सांगण्याची हिंमत तुम्हाला दाखवावी लागेल, आणि हातात कार्डं असली की ती येते.

मग ही लाल कार्डं विचारायची कुणाला? साहेब व्यग्र आहेत, ते रोज येणार नाहीत, हे धरून चाला. त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा. पहिली, रोजच्या प्रश्नांसाठी कर्ज विभागातलं एक माणूस, ज्याने दिलेलं उत्तर साहेब नंतर फिरवणार नाहीत. दुसरी, धोरणाच्या प्रश्नांसाठी आठवड्यातून अर्धा तास, फोनवर चालेल. मागताना डेमोतला तो प्रसंग सांगा. त्यांना पटेल, कारण चूक त्यांनीच पकडली होती. मिळालेलं प्रत्येक उत्तर त्याच दिवशी तारखेसह एका ओळीच्या मेलने त्यांना पाठवा. ही सह्या गोळा करण्याची जुनी सवय नव्हे. तोंडी उत्तर आठवड्याभरात दोघांच्याही लक्षात वेगवेगळं राहतं, म्हणून ही मेल.

आणि शाखेत जा. बीआरडीच्या काळात तुम्ही महिनोन्‌महिने बँकेत बसत होतात, अजाइल झाल्यावर ते बंद का झालं? उलट आता ते जास्त वेळा, थोडं थोडं व्हायला हवं. सोनेतारणाच्या काउंटरला सकाळभर उभं राहा. सराफ दागिना हातात घेतो, कस लावतो, काट्यावर ठेवतो. एकूण वजन लिहितो, मग खडे, दोरा, मण्यांत भरलेली लाख यांचं वजन वजा करून निव्वळ वजन लिहितो. ही वजावट बऱ्याचदा अनुभवाने होते. ग्राहक समोर असतो आणि त्याला ती मान्य व्हावी लागते. आता तुमच्या स्क्रीनकडे बघा. तिथे वजनाचा एकच रकाना आहे की तीन? एका पावतीत पाच दागिने असतील तर प्रत्येकाची शुद्धता वेगळी भरता येते का? सराफाने वजावट बदलली तर आधीचा आकडा जपला जातो का? काउंटरला उभं राहिल्याशिवाय हे प्रश्न सुचत नाहीत. मीटिंगमध्ये साहेब ते सांगणार नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं काही नसतंच. शक्य असेल तर त्या डेव्हलपरलाही बरोबर न्या. एका सकाळीत तो जेवढं शिकेल तेवढं तुमच्या दहा स्टोरींतून शिकणार नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचा आहे, कारण तो बहुतेक टीम विसरतात. स्टोरी नियम साठवण्याची जागा नाही. स्प्रिंट संपली, स्टोरी बंद झाली, जिराच्या तळाशी गेली. वर्षभराने कुणी विचारलं की 'आज आपली सिस्टीम पात्र रक्कम कशी काढते?', तर उत्तर बंद झालेल्या पंधरा-वीस स्टोरींत आणि त्यांच्याखालच्या कॉमेंटमध्ये विखुरलेलं असतं. त्यातल्या काही स्टोरी नंतरच्या स्टोरींनी बदललेल्या असतात. तुमचं क्षेत्र तर बँकिंग. इथे नियम बदलणारच. याच निर्देशांचं बघा. आधी ७५ टक्क्यांची मर्यादा होती, आता टप्पे आले. अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६पर्यंत मुदत दिली होती आणि बँकेने नवे निर्देश लागू करण्याआधी मंजूर झालेल्या कर्जांना जुनेच नियम लागू राहतात. म्हणजे सिस्टीमला काही काळ दोन्ही नियम एकाच वेळी माहीत असावे लागतात आणि कोणत्या कर्जाला कोणता, हे मंजुरीच्या तारखेवरून ठरवावं लागतं. 'टक्केवारी बदला' अशी एका ओळीची स्टोरी टाकली असती तर जुन्या कर्जांचा हिशेब बिघडला असता.

म्हणून एक नियमवही सुरू करा. टीमच्या विकीवर एक पान पुरे. प्रत्येक नियमाला क्रमांक, नियम सोप्या मराठीत किंवा इंग्रजीत एक-दोन वाक्यांत, कधीपासून लागू, कुठून आला (रिझर्व्ह बँकेचे निर्देश, बँकेचं धोरण की साहेबांची मेल) आणि खाली उंबरठ्यावरची दोन-तीन उदाहरणं. स्टोरीमध्ये नियम पुन्हा लिहायचा नाही, फक्त क्रमांक द्यायचा. टेस्टरने त्याच उदाहरणांवरून टेस्ट लिहायच्या, म्हणजे नियम बदलला की कोणत्या टेस्ट बदलायच्या ते लगेच दिसतं. ही वही बीआरडीसारखी आधी पूर्ण लिहायची नसते, प्रत्येक स्प्रिंटबरोबर ती थोडी वाढते. तुमच्या मॅनेजरना 'डॉक्युमेंट' या शब्दाचा त्रास होत असेल तर त्यांना ऑडिटची आठवण करून द्या. बँकेचे ऑडिटर एक दिवस नक्की विचारणार की ही रक्कम कोणत्या नियमाने आली.

किती आधी तयारी करायची, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. पुढच्या स्प्रिंटच्या स्टोरींची कार्डं या स्प्रिंटमध्ये व्हावीत, त्यापलीकडच्यांची फक्त मथळ्यापुरती ओळख असावी. सहा स्प्रिंट पुढचं सगळं आत्ताच सविस्तर लिहिलंत तर नवे निर्देश येतील आणि अर्धं फेकावं लागेल. मात्र वेग, सुरक्षितता, शाखेतलं नेट गेलं तर काय, असल्या सगळ्या मॉड्यूलला लागू होणाऱ्या अपेक्षा सुरुवातीलाच विचारून घ्या, त्या मागाहून जोडणं महाग पडतं.

पुढच्या रेट्रोमध्ये 'रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती' हे वाक्य पुन्हा आलं तर बचाव करू नका. विचारा, 'कोणता नियम कळला नव्हता आणि तो कोणत्या दिवशी, कुणाला विचारता आला असता?' त्याचं उत्तर टीमला मिळून द्यावं लागेल. मग खापर फोडणं थांबतं आणि बोलणं कामाचं होतं. तुमच्या पत्रात मला हीच गोष्ट जाचली की एवढ्या मोठ्या खोलीत त्या दिवशी तुमच्या बाजूने कुणी बोललं नाही. डेव्हलपर आणि टेस्टर तुमच्याबरोबर कार्डं लिहायला बसले की पुढच्या वेळी ती स्टोरी तिघांची असेल.

कोर्सचं थोडक्यात सांगते. स्क्रम मास्टरचं काम चांगलं आहे, पण त्यात तुमचं बँकिंगचं ज्ञान फारसं वापरलं जाणार नाही. तुमच्यासाठी स्वाभाविक पुढची पायरी प्रॉडक्ट ओनरकडे जाते. प्रमाणपत्रच हवं असेल तर बिझनेस अ‍ॅनालिसिससाठी २००३मध्ये स्थापन झालेल्या आयआयबीए या संस्थेचं अजाइल विश्लेषणाचं स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, ते बघा. पण आधी तीन-चार स्प्रिंट ही पद्धत चालवा. तेवढ्यावर मुलाखतीत बोलायला भरपूर होईल.

सुरुवात कोणत्या स्टोरीपासून करायची, तेही सांगून टाकते. दागिने परत देण्याची स्टोरी घ्या, ती तुमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, असणारच. नियम असा की पूर्ण परतफेड झाली की शक्यतो त्याच दिवशी आणि जास्तीत जास्त ७ कामकाजाच्या दिवसांत तारण परत द्यायचं, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कार्डं घेऊन बसा आणि विचारा : शुक्रवारी संध्याकाळी यूपीआयने शेवटचा हप्ता आला तर पहिला दिवस कोणता? दुसरा शनिवार मोजायचा का? दागिने मुख्य शाखेच्या तिजोरीत असतील तर आणायला सांगणारा निरोप कोण पाठवतं? कर्जदार वारला असेल तर वारसाचे कागद येईपर्यंतचे दिवस कुणाच्या खात्यात? ग्राहकाला तीनदा कळवूनही तो आलाच नाही, तर कळवल्याची नोंद सिस्टीममध्ये कुठे सापडेल? यातले निम्मे प्रश्न लाल कार्डावर जातील. ते घेऊन साहेबांकडे या आठवड्यातला अर्धा तास मागा.